पाच सिलिंडर, एक टर्बो आणि तीस हिवाळे

मराठी माणसाला व्होल्वो म्हटलं की बस आठवते. दादरहून पुण्याला निघालेली शिवनेरी, काचेवर धरलेलं एसीचं बाष्प, घाट चढतानाही फारसा आवाज न करणारं मागचं इंजिन. बंगळूरजवळ होसकोटेला या बसगाड्या तयार होऊ लागल्या त्या २००१ पासून. त्याच नावाची मोटार मात्र आपल्याकडे आली थेट २००७ मध्ये, आणि तोवर मोटारींची कंपनी बस-ट्रकवाल्यांपासून वेगळी झालेली होती. १९९९ मध्ये ती फोर्डने घेतली, २०१० मध्ये ती चीनच्या गीलीकडे गेली. मी लिहिते आहे ती गाडी या सगळ्या घडामोडींच्या आधीची आहे आणि भारताच्या शोरूममध्ये ती कधी उभी राहिली नाही. व्होल्वो ८५०, तीही इस्टेट, म्हणजे मागे लांब छत असलेली स्टेशन वॅगन, आणि तीही टर्बो.

संपादकांनी यंदा विषय दिला तो वापरलेल्या वस्तूंचा: पहिल्या मालकानंतर वस्तूचं काय होतं, ते जाऊन बघा आणि लिहा. मी राहते त्या गोथेनबर्गमध्ये या विषयासाठी फार लांब जावं लागत नाही. व्होल्वोचा टोर्शलांडाचा कारखाना शहराच्या कडेलाच, हिसिंगेन बेटावर आहे. १९६४ मध्ये तो सुरू झाला. त्याच बेटावरच्या रस्त्यांवर तीस वर्षांपूर्वीच्या चौकोनी इस्टेट गाड्या अजून रोज धावताना दिसतात. कुणाच्या छतावर स्कीच्या पट्ट्या, कुणाच्या पोटात लाकडाच्या फळ्या, कुणाच्या मागच्या काचेत कुत्र्याचं नाक. हिवाळ्यात इथे रस्त्यावर मीठ टाकतात आणि मीठ पत्र्याला खातं. अशा देशात २२५ अश्वशक्तीची टर्बो गाडी तीस हिवाळे काढते कशी, आणि काढताना तिचं काय काय बिघडतं, हे मला बघायचं होतं.

सोबत मिळाली एका तरुण अभियंत्याची. मूळचा कोल्हापूरचा, वडिलांनी शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत फाउंड्रीत आयुष्य काढलं, मुलगा इथल्या मोटार उद्योगात काम करतो. दिवसभर इलेक्ट्रिक गाड्यांच्या सॉफ्टवेअरशी खेळणाऱ्या या मुलाला स्वतःसाठी हवी होती १९९५ च्या आसपासची ८५० टी-५, म्हणजे टर्बो, इस्टेट. "ताई, तुम्ही चला बघायला," तो म्हणाला, "मला गाडीचं प्रेम आहे. प्रेमात असलेल्या माणसाने एकट्याने गाडी बघू नये."

चौकोनी पत्र्याखाली काय होतं

८५० लोकांसमोर आली जून १९९१ मध्ये, सेदान म्हणून. इस्टेट आली १९९३ मध्ये. तोपर्यंत व्होल्वोच्या मोठ्या गाड्यांत इंजिन उभं बसवलेलं असे आणि ताकद जाई मागच्या चाकांना. ८५० मध्ये पाच सिलिंडरचं इंजिन आडवं बसवलं आणि ताकद पुढच्या चाकांना दिली. पाच सिलिंडर आडवे बसवायचे तर इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून लांबी फार होते. म्हणून गिअरबॉक्स आखूड करावा लागला. इंजिन सगळं ॲल्युमिनियमचं, स्केव्हदे गावच्या कारखान्यात जोडलेलं. बोअर ८१ मिलिमीटर, स्ट्रोक ९० मिलिमीटर, पाच सिलिंडरचे मिळून २,३१९ सीसी. प्रत्येक सिलिंडरला चार झडपा, वर दोन कॅमशाफ्ट. कॉम्प्रेशन साडेआठास एक, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या मानाने कमीच, कारण उरलेलं दाबण्याचं काम टर्बो करणार.

कागदावरचे आकडे असे: २२५ अश्वशक्ती आणि ३०० न्यूटन-मीटर टॉर्क. यातला दुसरा आकडा महत्त्वाचा, कारण तो मिनिटाला साधारण २,००० फेऱ्यांपासूनच मिळायला लागतो आणि ५,००० च्या पुढेपर्यंत टिकतो. टर्बोचा मोठेपणा वेगाच्या शेवटच्या टोकाला नसून या मधल्या सपाट पट्ट्यात आहे. चार माणसं, मागे भरलेलं सामान, चढाचा रस्ता, पुढे ट्रक. अशा वेळी गिअर न बदलता गाडी पुढे निघते. इस्टेटला टर्बो देण्यामागचा विचार हाच होता: गाडी ओझ्यासाठी बनवलेली असेल तर तिला ओझ्यासकट पळता आलं पाहिजे.

मागच्या बाजूला छतापासून बंपरच्या वरपर्यंत उतरणारे उंच लाल दिवे ही या इस्टेटची खूण. पुढे व्होल्वोच्या सगळ्या इस्टेटींनी ती उचलली. पाठीमागे तोंड करून बसणारं मुलांचं तिसरं बाकडं हवं असेल तर मिळत असे. आतला दरवाजा, सीट आणि चौकट मिळून बाजूने बसलेला धक्का जमिनीच्या पट्ट्यांत पसरवायची रचना होती. बाजूच्या एअरबॅग जगात पहिल्यांदा विक्रीच्या गाडीत आल्या त्या याच ८५० मध्ये, १९९४ साली.

त्याच वर्षी ब्रिटनच्या टूरिंग कार शर्यतींत व्होल्वोने दोन इस्टेट उतरवल्या. टॉम वॉकिन्शॉच्या संघाने त्या तयार केल्या होत्या. चालवायला रिकार्ड रुडेल आणि यान लामर्स. सामान वाहायची गाडी शर्यतीत बघून लोक आधी हसले, मग बघत राहिले. त्या गाड्या जिंकल्या नाहीत, पुढच्या वर्षी संघ सेदानकडे वळला. आज टर्बो इस्टेटची जाहिरात देणारा प्रत्येक जण या शर्यतीचा उल्लेख करतो, म्हणून सांगते: शर्यतीतल्या गाडीत टर्बो नव्हताच. नियमाप्रमाणे ते दोन लिटरचं साधं इंजिन होतं. रस्त्यावरच्या टर्बोची कीर्ती तिने स्वतःच मिळवलेली आहे. १९९५ च्या मॉडेलात टी-५आर नावाची, पोर्शच्या मदतीने तयार केलेली मर्यादित संख्येची आवृत्ती आली, लोण्यासारख्या पिवळ्या रंगात. ती आता संग्राहकांच्या हातात गेली आहे आणि तिचे भाव वेगळे आहेत. आम्ही बघायला गेलो ती साधी लाल टी-५ होती.

विकणाऱ्याच्या अंगणात

स्वीडनमध्ये गाडीचं अंतर मैलात सांगतात, पण हा मैल दहा किलोमीटरचा. जाहिरातीत सत्तावीस हजार लिहिलं असेल तर गाडी दोन लाख सत्तर हजार किलोमीटर चाललेली आहे. नवखा भारतीय आकडा वाचून हरखतो आणि मग खाली बसतो. ८५० च्या बाबतीत तर हा आकडाही जपून घ्यायचा, कारण काही गाड्यांत मीटरमधलं प्लास्टिकचं बारीक चक्र तुटतं. वेग दिसत राहतो, अंतर मोजणं थांबतं. मालकाच्या लक्षात यायला कित्येक महिने जातात, काहींच्या सोयीस्करपणे लक्षात येत नाही. इथे एक आधार आहे. दर तपासणीला मीटरचा आकडा सरकारी नोंदीत चढतो आणि नंबर प्लेटवरून तो कुणालाही बघता येतो. अभियंत्याने ती नोंद आधीच काढून आणली होती. आकडे दरवर्षी वाढत गेलेले होते, कुठे अडकलेले नव्हते, आणि मालक तीनच झालेले होते.

विकणारे गृहस्थ निवृत्त शिक्षक. गाडी त्यांनी अंगणात बाहेर काढून ठेवलेली. अभियंता सगळ्यात आधी गेला आणि बॉनेटवर हात ठेवला. इंजिन गार होतं. त्याने फोनवर तशी विनंती केली होती, कारण आधीच गरम करून ठेवलेलं इंजिन बऱ्याच गोष्टी लपवतं. गार इंजिन सुरू होताना पहिल्या काही सेकंदांत टॅपेटचा आवाज येतो का, मागे निळा धूर दिसतो का, हे बघायचं असतं. निळा धूर म्हणजे इंजिन तेल खातं आहे. ते तेल झडपांच्या सीलमधून जातं की टर्बोतून, ते नंतर शोधायचं.

मग त्याने बॉनेट उघडलं आणि एक छोटी काळी पेटी दाखवली. १९९५ पर्यंतच्या ८५० मध्ये दोषांची नोंद वाचायला कुठलंही यंत्र लागत नाही. पेटीवर एक छोटी वायर असते, काही भोकं असतात, एक बटण आणि एक लाल दिवा. वायर ठरावीक भोकात खोचायची, किल्ली फिरवायची, बटण दाबून धरायचं. दिवा लुकलुकतो: एकदा, थांबून एकदा, थांबून एकदा. एक-एक-एक म्हणजे दोष नाही. वेगळा आकडा आला तर पुस्तिकेत बघायचं. इंजिन, एबीएस, गिअरबॉक्स यांची भोकं वेगवेगळी. मालकाला स्वतःच्या गाडीचं दुखणं स्वतःच्या अंगणात, पैसे न देता कळावं अशी ही सोय कारखान्यानेच करून ठेवली होती. आज नव्या गाडीचं दुखणं कळायला आधी परवानगी असलेलं यंत्र शोधावं लागतं. तीस वर्षं टिकलेल्या गाड्यांमागच्या कारणांत मी या लाल दिव्याला फार वरचा क्रमांक देते.

आमच्या गाडीने इंजिनाच्या भोकातून एक-एक-एक सांगितलं. शिक्षकांचा चेहरा खुलला. पण अभियंत्याने खिशातून पातळ रबरी हातमोजा काढला.

हातमोजा फुगला

ऑइल भरायचं झाकण काढून त्या तोंडावर हातमोजा ताणून बसवला आणि इंजिन सुरू केलं. इंजिन निरोगी असेल तर हातमोजा आत ओढला जातो किंवा मरगळून पडून राहतो. हा हळूहळू फुगला. पाचही बोटं उभी राहिली. शिक्षक गप्प झाले.

८५० टर्बोचं सगळ्यात मोठं दुखणं म्हणून जे सांगितलं जातं ते हेच, आणि ते नीट समजून घेण्यासारखं आहे. सिलिंडरमध्ये स्फोट होतो तेव्हा बहुतेक वायू पिस्टनला खाली ढकलतो, पण थोडासा पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली, तेलाच्या टाकीच्या दिशेने निसटतो. प्रत्येक इंजिनात असं होतं. टर्बोने सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबलेली असल्याने टर्बो इंजिनात ते जास्त होतं. हा निसटलेला वायू बाहेर पडायला वाट हवी. आपल्याकडचे मेकॅनिक तिला ब्रीदर म्हणतात. ८५० मध्ये हा वायू आधी एका प्लास्टिकच्या डब्यात येतो. तिथे त्यातले तेलाचे थेंब वेगळे होऊन परत खाली जातात आणि उरलेला वायू नळ्यांमधून पुन्हा इंजिनाच्या श्वासात मिसळून जळतो. डबा इनटेक मॅनिफोल्डच्या मागे, नजरेआड बसवलेला.

आता थंड देशातली छोटी फेरी डोळ्यांसमोर आणा. सकाळी शाळेत मुलाला सोडलं, दुकानातून दूध आणलं, गाडी बंद. तेल पुरेसं तापलंच नाही. निसटलेल्या वायूत पाण्याची वाफ असते, न जळलेलं पेट्रोल असतं. ती वाफ गार डब्यात थिजते, तेलात कालवली जाते आणि राखाडी चिखल होतो. तेल उशिरा बदललं की चिखल घट्ट होत जातो. वर्षानुवर्षं असं चाललं की डब्याचं तोंड आणि इंजिनात परत जाणारी वाट बुजते. कुकरची शिट्टी अडकल्यावर जे होतं तेच इथे होतं: आतला दाब वाट शोधू लागतो. तो कॅमशाफ्टच्या टोकांची सील ओली करतो. डिपस्टिक तिच्या नळीतून वर उचलतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाचं मोठं ऑइल सील बाहेर ढकलतो. हे सील इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये बसलेलं. सील स्वतः स्वस्त आहे; ते बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि मजुरी त्याची असते.

एवढ्यावर थांबत नाही. टर्बोच्या बेअरिंगला जाणारं तेल काम झाल्यावर आपल्या वजनाने खाली इंजिनात उतरायचं असतं. खाली दाब साचलेला असेल तर ते उतरत नाही, टर्बोच्या सीलपाशी तुंबतं आणि सायलेन्सरमधून निळा धूर येतो. मालक गॅरेजला जातो, तिथला अनोळखी मेकॅनिक धूर बघून टर्बो गेला म्हणतो, नवा टर्बो बसतो, आणि सहा महिन्यांत तोही धूर ओकू लागतो. कुणी डबा उघडून बघितलेला नसतो. कित्येक चांगल्या गाड्या अशा मोडीत गेल्या आहेत. ताकद फार झाली म्हणून या गाड्या मेल्या असं बाहेरून वाटतं. प्रत्यक्षात त्या एका प्लास्टिकच्या डब्याने आणि दोन रबरी नळ्यांनी मारल्या.

अभियंत्याने गाडीखाली पुठ्ठा सरकवला. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यापाशी ओलसर होतं, थेंब मात्र पडत नव्हता. म्हणजे सील अजून बसून होतं, पण वेळ फार उरली नव्हती.

रस्त्यावर

फेरी मारायला शिक्षकच म्हणाले. गिअरबॉक्स स्वयंचलित, जपानच्या आयसिन कंपनीचा, चार गिअरचा. लिव्हरजवळ तीन बटणं: मितव्ययासाठी, चपळाईसाठी आणि हिवाळ्यासाठी. हिवाळ्याचं बटण दाबलं की गाडी पहिल्या गिअरऐवजी तिसऱ्यातून उठते, म्हणजे बर्फावर चाकं गरगरत नाहीत. टर्बो गाडीत हे बटण फार कामाचं आहे, कारण ३०० न्यूटन-मीटर पुढच्या दोन चाकांत एकदम उतरले की ओल्या रस्त्यावर स्टिअरिंग हातात ओढलं जातं. आमच्याही बाबतीत तसं झालं, महामार्गाला लागताना. आधी क्षणभर काही नाही, मग पाठ सीटला टेकली. आवाज चार सिलिंडरसारखा खरखरीत नाही, सहासारखा गुळगुळीतही नाही. मधला, थोडा विषम, घुमणारा. ऐकल्यावर लोक या इंजिनावर का जीव टाकतात ते कळतं.

अभियंत्याचं लक्ष भलतीकडे होतं. थांबून निघताना गाडीने एक हिसका दिला. इंजिनाला फायरवॉलशी बांधून ठेवणाऱ्या वरच्या दांड्याचं रबरी बुश गेलेलं, स्वस्त काम. गतिरोधकावर पुढून 'टक्' आला. स्प्रिंगच्या वर बसणारं रबर फाटलेलं. हे ८५० मध्ये हमखास होतं, आणि जाणते लोक त्या जागी व्होल्वोच्याच पुढच्या एक्ससी९० गाडीचं जास्त मजबूत रबर बसवतात. ते तंतोतंत बसतं. हीटर लावल्यावर गोडसर वास येतो का, काच आतून चिकट धुरकट होते का, हे त्याने नाक लावून बघितलं. तसं असतं तर डॅशबोर्डमागचा हीटरचा रेडिएटर कूलंट गाळतो आहे असं धरायचं. वास नव्हता. एबीएसचा दिवा लागला आणि विझला, तेही बरं. १९९६ नंतरच्या गाड्यांत एबीएसच्या कंट्रोल पेटीतले डाख तडकतात आणि दिवा कायमचा लागून राहतो; नवी पेटी महाग, पण डाख पुन्हा लावून देणारे लोक आहेत.

हिसिंगेनवरचं गॅरेज

दुसऱ्या भेटीत गाडी एका मेकॅनिककडे नेली. साठी ओलांडलेला माणूस, पूर्वी विक्रेत्याच्या वर्कशॉपमध्ये होता, आता स्वतःचं दोन लिफ्टचं गॅरेज. भिंतीवर कॅमशाफ्ट पकडून ठेवायची हत्यारं ओळीने टांगलेली. बोलणं तुटक, हात चालू.

त्याने पहिली विचारणा टायमिंग बेल्टची केली. या इंजिनात बेल्ट तुटला तर झडपा पिस्टनवर आदळतात आणि वाकतात, मग हेड उतरवल्याशिवाय गत्यंतर नसतं. बेल्ट किती अंतरावर बदलायचा ते मॉडेलप्रमाणे बदलतं, पण अंतराइतकंच वय महत्त्वाचं; रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. शिक्षकांनी पावत्यांची फाइल काढली. बेल्ट बदलल्याला आठ वर्षं झालेली. अंतर कमी, पण मेकॅनिकने मान हलवली. बदलायचा, आणि सोबत बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर, पुल्या आणि वॉटर पंप. पंप याच बेल्टवर फिरतो. पंपाचं बेअरिंग नंतर धरलं तर नवा बेल्टही जातो.

मग टर्बो. त्याने हवेची नळी काढली आणि दोन बोटांनी टर्बोचं चाक हलवून बघितलं. हा भाग चालू गाडीत मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्या घेतो, एका बाजूला लालबुंद एक्झॉस्टचा वायू आणि दुसऱ्या बाजूला बाहेरची थंड हवा. मधला दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. म्हणून आडवा किंचित खेळ चालतो, पुढे-मागे सरकता कामा नये. सरकला की पातं घराला घासतं. हा सरकत नव्हता. मेकॅनिकने सांगितलं की जपून वापरलेला मित्सुबिशीचा हा टर्बो इंजिनाइतकाच जगतो. त्याच्याकडे 'पिकअप नाही' म्हणून येणाऱ्या गाड्यांत टर्बो क्वचितच दोषी असतो. बहुतेक वेळा इंटरकूलरची नळी चिरलेली असते, किंवा टर्बोचा दाब आवरणारी झडप आणि तिच्या पेन्सिलीएवढ्या रबरी नळ्या कडक होऊन फाटलेल्या असतात. तो या सगळ्या नळ्या एकदमच बदलतो. अर्ध्या दिवसाचं काम आणि नव्या टर्बोच्या मानाने किरकोळ खर्च.

गाडी चालवायची कशी, हेही त्याने विनाविचारता सांगितलं. सकाळी निघाल्यावर तेल तापेपर्यंत जोर द्यायचा नाही. तापमानाचा काटा मधे आला तरी तो पाण्याचा असतो, तेल त्याच्या बरंच मागे असतं. महामार्गावरून जोरात येऊन लगेच किल्ली फिरवायची नाही. टर्बोतलं तेल तिथेच जळून काजळी होते. या टर्बोभोवती कूलंट फिरतं म्हणून धोका कमी, पण घरापर्यंतचा शेवटचा टप्पा सावकाश यावं. आणि तेल पुस्तिकेत लिहिलंय त्याच्या निम्म्या अंतरावर बदलावं, विशेषतः शहरात छोट्या फेऱ्या असतील तर. ज्यांनी हे केलं त्यांच्या गाड्या चार लाख किलोमीटरला येतात तेव्हाही आतून स्वच्छ असतात, असं तो म्हणाला आणि शेल्फवरून जुना, कापून उघडलेला ब्रीदरचा डबा काढून दाखवला. आत डांबरासारखा थर होता.

अभियंत्याने मात्र लिफ्टवर चढवलेल्या गाडीखाली जाऊन ब्लॉकवर हात फिरवला. फाउंड्रीत वाढलेला मुलगा. ओतकामाची शीर, कडेचं फिनिशिंग तो बघत राहिला. "बाबांना फोटो पाठवतो," म्हणाला. "त्यांनी आयुष्यभर लोखंडी ब्लॉक ओतले. ॲल्युमिनियमचं बघून खूश होतील." मेकॅनिकला त्याने भाषांतर करून सांगितलं, तेव्हा तो तुटक बोलणारा माणूस दिव्याची बॅटरी घेऊन आला आणि ब्लॉकचे वरचा आणि खालचा असे दोन भाग कुठे जुळतात ते दाखवत बसला.

पत्र्याचं त्याने एका वाक्यात संपवलं. ८५० ची बॉडी जस्ताच्या थराची आहे, म्हणून आधीच्या व्होल्वोंपेक्षा बरी टिकते. मागच्या चाकांच्या कमानी, डिकीच्या दाराची खालची कड आणि ब्रेकचे पाइप बघा, बाकी चिंता करू नका. डिकीच्या दाराच्या बिजागरीपाशी वायर वाकून वाकून तुटतात, मग मागचा वायपर किंवा नंबर प्लेटचा दिवा बंद पडतो. ते घरी जोडता येतं.

चौदा महिन्यांचा नियम

गाड्या इथे एवढ्या टिकतात याचं श्रेय एकट्या कारखान्याला देता येत नाही. स्वीडनमध्ये नव्या गाडीची पहिली तपासणी तीन वर्षांच्या आत, दुसरी त्यानंतर दोन वर्षांत, आणि मग दर चौदा महिन्यांच्या आत करावी लागते. मी एका तपासणी केंद्रात उभी राहून बघितलं. गाडी रोलरवर चढवून प्रत्येक चाकाचा ब्रेक मोजतात, खाली खड्ड्यात उतरून सळईने सांधे हलवून बघतात, गंजाच्या जागी टोचतात, धूर मोजतात. दोष लिहून देतात आणि त्यांच्या श्रेणी असतात. मधल्या श्रेणीचा दोष असेल तर ठरावीक मुदतीत दुरुस्त करून परत दाखवायचं, सगळ्यात वरचा असेल तर गाडी तिथून चालवत नेता येत नाही. म्हणजे दरवर्षी कुणीतरी तिऱ्हाईत माणूस तुमच्या गाडीखाली जाऊन बघतो. ढकललेलं काम ढकललेलंच राहत नाही. या देशात जुन्या गाडीची तब्येत मालकाच्या मर्जीवर सोडलेली नाही, आणि माझ्या मते खरी गोष्ट ही आहे.

दुसरा आधार मोडीच्या अंगणांचा. अपघातात गेलेल्या ८५० मधून काढलेले दरवाजे, टर्बो, काचा, मीटर यांवर क्रमांक टाकून ते रॅकवर लावलेले असतात. गाडीच्या चेसिस क्रमांकावरून नेमका भाग मिळतो. आपल्याकडे हे काम कुर्ल्यात किंवा पुण्यात जुन्या सुट्या भागांच्या दुकानांत फार हुशारीने होतं, पण त्याला कागदाचा आधार कमी असतो.

गाडी तीस वर्षांची झाली की इथे तिचा वाहनकर थांबतो. १९९५ ची टी-५ आता त्या उंबरठ्याला पोहोचली आहे, आणि त्यामुळे जी गाडी दहा वर्षांपूर्वी मोडीत जात होती तीच आता लोक शोधत फिरत आहेत. महाराष्ट्रात उलट, खासगी गाडी पंधरा वर्षांची झाली की पर्यावरण कर लागतो आणि नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं. दोन्हीकडे कारणं आहेत. जुनी टर्बो पेट्रोल गाडी शंभर किलोमीटरला दहा-अकरा लिटर पेट्रोल पिते, आणि तिचा धूर आजच्या गाडीइतका स्वच्छ नसतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण पंधराव्या वर्षी एकाच करात चांगली राखलेली आणि टाकून दिलेली अशा दोन्ही गाड्यांना बांधणं मला पटत नाही. मोजायचा तर धूर मोजावा, ब्रेक मोजावा. वय मोजणं सोपं असतं म्हणून तेवढंच मोजू नये.

आणि स्टेशन वॅगन आपल्याकडेही बनल्या. पिंपरीच्या कारखान्यातून १९९२ मध्ये टाटा इस्टेट निघाली, साधारण ८५० च्याच काळात. २००४ मध्ये इंडिगो मरीना आली, १.४ लिटरच्या टर्बो डिझेलसह. लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं नाही. मागे वेगळी डिकी नसलेली लांब गाडी प्रतिष्ठेची वाटली नाही, आणि मग उंच एसयूव्हींची लाट आली. अभियंत्याच्या मामाकडे टाटा इस्टेट होती. तिच्या मागच्या भागात बसून तो लहानपणी जोतिबाला गेलेला आहे. इस्टेट गाडीचं वेड त्याला कुठून लागलं, ते मला तिथे कळलं.

हिशोब

मेकॅनिकने यादी दिली. ब्रीदरचा डबा आणि सगळ्या नळ्या, इनटेक मॅनिफोल्ड काढून. त्याच वेळी इंजिनातली परतीची वाट साफ करायची, नाहीतर नवा डबा बसवून उपयोग नाही. टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप. कॅमशाफ्टची सील त्याच कामात. टर्बोच्या रबरी नळ्या. पुढच्या स्प्रिंगची रबरं, वरच्या दांड्याचं बुश. गिअरबॉक्सचं तेल. मागच्या मोठ्या सीलला हात लावायचा नाही. आधी दाब उतरू दे, पुष्कळदा ओल आपोआप थांबते, आणि नाही थांबली तर वर्षभराने गिअरबॉक्स उतरवू.

ही यादी घेऊन अभियंता शिक्षकांकडे गेला. त्यांनी ती चष्मा लावून पूर्ण वाचली, भाव कमी केला, आणि फाइल त्याच्या हातात दिली. पंचवीस वर्षांच्या पावत्या होत्या तिच्यात. त्यांच्याकडून एवढीच अट होती की हिवाळ्याच्या टायरचा संच त्याने बरोबर न्यावा, त्यांचं गॅरेज रिकामं व्हायला हवं. इथे १ डिसेंबर ते ३१ मार्च या काळात रस्त्यावर बर्फ असेल तर हिवाळी टायर सक्तीचे आहेत, तेव्हा तो नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. चारही टायर मागची सीट न पाडता डिकीत मावले.

मॅनिफोल्ड उतरवायच्या दिवशी मेकॅनिकने त्यालाच पाना दिला. बोल्ट कुठल्या क्रमाने सोडायचे आणि खालचा कुठला नुसता ढिला करायचा, काढायचा नाही, तेवढं सांगितलं. दुपारी डबा बाहेर आला. खालची वाट साफ करायला त्याला ड्रिलचं पातं हाताने फिरवावं लागलं, इतकी ती बुजलेली होती. संध्याकाळी इंजिन सुरू करून हातमोजा पुन्हा लावला. मेकॅनिक म्हणाला, आता दर वेळी तेल बदलताना एवढं करत जा, हातमोजा तुझ्याकडेच ठेव.